जंतूंच्या नावाचा उपास

माझी नणंद पुण्याला जंतू वाढवायची. लोकांच्या नणंदा शिकून मास्तरीण व्हायच्या, नर्स व्हायच्या. आमची जंतूंच्या मागे लागली. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, माळावरचं. तिथं कुणी विचारलं की मी सांगायचे, डॉक्टरकीचं काहीतरी करते. ते खरं नव्हतं, पण सांगायला सोपं होतं.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. सासूबाईंना उशिरा झालेली. सासरे ती रांगत असतानाच गेलेले. सासूबाई दिवसभर शेतात, म्हणून पोर माझ्या वाट्याला आली. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली. माझी शाळा चौथीपर्यंतची. तेवढं होतं ते तिला दिलं, पुढं ती माझ्या हाताबाहेर गेली. चारचौघांत मी तिला वन्सं म्हणायचे, घरात पोरी.

सासूबाई माळकरी होत्या. अंडं, मटण सोडाच, ते खाणाऱ्या घरचं पाणीसुद्धा त्या चार वेळा विचार करून प्यायच्या. लेकीचं कौतुक त्यांनी तोंडानं कधी केलं नाही. त्यांची एकच रीत होती. लेक पुण्याहून आली की म्हणायच्या, "हातपाय धू आन् भाकरीला बस." आणि त्या दिवशी तिच्या हातची एक भाकरी जास्त खायच्या. माझ्या हातची कधी जास्त खाल्ली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मी स्वयंपाकात बेताचीच.

ती दिवाळीला आली ते दुष्काळाचं वर्ष. विहिरीनं तळ दाखवलेला. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातली लाल ज्वारी. तिची भाकरी थापायला घेतली की काठावर फाटायची. मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे, तिथं दुपारी सुकडी, भाजलेल्या पिठाचा गोड भुगा, वाटायचे. असे दिवस होते, पण पोर आली होती म्हणून घरात बरं वाटत होतं. ती चुलीपुढं बसून भाकरी करत होती, सासूबाई जेवत होत्या, आमचे हे अजून यायचे होते. मी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता विचारलं, "अगं, पण ते जंतू तुमी आणता कुठनं? दुकानात मिळत्यात व्हय?"

ती हसली. "दुकानात कसले, वहिनी! माणसाच्या आतड्यातले असतात. कुणीतरी पूर्वी शीमधून काढले असतील. आता बाटलीतच वाढवतो आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या. कुणाला काही करत नाहीत ते, गरीब आहेत."

सासूबाईंच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात ठेवला. ताटाला नमस्कार केला आणि उठल्या.

"पोट भरलं," म्हणाल्या.

पोट भरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लेकीनं पाणी दिलं, तर "ठेव तिथं" म्हणाल्या आणि मागाहून माझ्याकडून दुसरं मागून घेतलं. तिनं केलेली भाकरी पदराआड धरून गोठ्यात गेल्या आणि गाईला घातली. रागावल्या नाहीत, बोलल्या नाहीत. नुसतं तिच्या हातचं खाणं बंद झालं. लेकीला ते कळायला वेळ लागला नाही. तरी ती रोज पिठाला बसायची. गाईची मात्र चंगळ झाली.

सुट्टी संपली तेव्हा मी तिला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला गेले. अर्धी वाट झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आई माझ्या हातचं खात नाही."

"व्हय," मी म्हणाले. "दिसतंय मला."

"सोडून देऊ का हे सगळं? इथं शाळेत लागते."

"सोडून आलीस म्हणून ती खाईल असं न्हाई. हात तेच राहत्यात की. तिला वाटतंय तू घाण चिवडतीस. तिला एकदा दाखव काय करतीस ते."

"काय दाखवू? ते डोळ्याला दिसत नाहीत."

"मंग जेवढं दिसतंय तेवढं दाखव."

फाटा आला. एसटी आली, ती चढली, आणि मी खडी फोडायला गेले.

संक्रांत झाल्यावर ती परत आली, बरोबर चहाचा मोठा थर्मास. त्यात चहा नव्हता. बर्फात एक बाटली होती आणि बाटलीत ताकासारखं पांढुरकं पाणी. कंडक्टरनं तिला विचारलं होतं, "बाई, चहा हाय का गरम?" ही म्हणाली, "नाही, जंतू आहेत." पारनेरपर्यंत तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

"हे दुसरे आहेत," तिनं मला हळूच सांगितलं. "मातीतले, हवेतले. आईला सांग, पोटातले नाहीत."

सासूबाईंना बोलवायला मी गेले. त्या म्हणाल्या, "मी कुठं काय म्हनले?"

"तुमी कायच म्हणत न्हाई, त्येचाच तर तरास हाय," मी म्हणाले. "साक्षीदार बोलावल्याबिगर तुमी फाशी दिली पोरीला. आता एकदा बघा तरी."

"घरात न्हाई चालायचं."

"गोठ्यामागं करंल ती."

"मला वाती वळायच्यात."

"तिथं बसून वळा."

मग त्या कापूस आणि वाटीत चमचाभर दूध घेऊन गोठ्यामागं दगडावर बसल्या. म्हणजे त्या बघायला बसल्या नाहीत, वाती वळायला बसल्या.

जंतूचं कवच फोडायला अंड्यातला पांढरा बलक लागतो, असं नणंदेनं सांगितलं. त्यात कवच विरघळवणारं काहीतरी असतं म्हणे. अंडं मी शेजारच्या चाचीकडून आणलं. चाचीनं ते पदरात लपवून दिलं आणि म्हणाली, "तुज्या सासूला कळलं तर माज्या कोंबड्यांना गाव सोडावं लागंल." मी म्हणाले, सासूच समोर बसलीय. चाचीचा विश्वास बसला नाही, ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

नणंदेनं अंडं फोडलं, पांढरं तेवढं घेतलं, पिवळं मांजरानं नेलं. सासूबाईंनी तेवढा वेळ तोंड पलीकडं केलं होतं. पांढऱ्यातलं थोडं तिनं त्या ताकासारख्या पाण्यात ढवळलं आणि बाटली उन्हात ठेवली. काही वेळानं गढूळ पाणी निवळायला लागलं. गाळ खाली बसला नाही, वर तरंगला नाही, नुसता नाहीसा झाला.

"कुठं गेले?" मी विचारलं.

"फुटले. आता त्यांच्या आतलं बाहेर यायचंय."

ते पाणी तिनं दोन पेल्यांत ओतलं. एकात साबणाचं पाणी घातलं आणि वर भरपूर मीठ. दुसऱ्यात नुसतं साबणाचं पाणी. काडीनं दोन्ही हळू ढवळले. मिठाचा पेला पाण्यासारखाच राहिला. दुसऱ्यातून काडी उचलली तर भेंडीसारखी तार लोंबली.

"शी गं," चाची कुंपणावरून म्हणाली. "शेंबूड."

"थांबा चाची," नणंद म्हणाली. तिनं थर्मासातून दुसरी लहान बाटली काढली. तिला इंजेक्शनच्या स्पिरिटचा वास होता. ते गार स्पिरिट तिनं तार असलेल्या पेल्याच्या कडेनं अलगद सोडलं. जिथं दोन पाणी एकमेकांना भेटत होती तिथं पांढरं काहीतरी उठलं. लिंबाच्या काडीवर तिनं ते गुंडाळायला सुरुवात केली. बारीक, ओला, चमकणारा धागा. कापसाचा सर्वांत चांगला पेळू कातला तरी एवढा बारीक निघत नाही.

सासूबाईंच्या हातातली वात थांबली.

"ह्ये त्येंच्या पोटातलं हाय?"

"व्हय, आई. एकाच्या आत एकच धागा, आणि तो त्याच्या अंगापेक्षा हजारपट लांब असतो. इथं मोजता येणार नाहीत इतक्यांचे एकत्र झालेत म्हणून दिसतोय. त्यानं कसं जगायचं, काय खायचं, एकाचे दोन कसे व्हायचे, ते सगळं या धाग्यात असतं."

"हजारपट?" सासूबाई म्हणाल्या. "मंग मावतो कसा आत?"

"तेच तर मी शिकतेय, आई. दुसरं काही नाही."

तिनं सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. धागा आत कोंबलेला नसतो, आवरलेला असतो. त्याचे वेढे केलेले असतात आणि वेढ्यांना पुन्हा पीळ असतो. पण धागा आपोआप एवढा नीट राहायचा नाही, त्याला कुणीतरी धरलेलं असणार. तिला वाटायचं की बारीक बारीक प्रथिनं त्याला धरतात. काही त्याला बोटावर वाकवावा तसा वाकवतात, काही दोन पदर जवळ आणून धरून ठेवतात. तिच्या सरांना वाटायचं की धरणारं दुसरंच काही आहे. त्या वेळी पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. मिठात धाग्याचं ते बोचकं तसंच बांधलेलं राहतं म्हणून तो पेला पाण्यासारखा, आणि मीठ नसलं की सगळं सुटून तार होते.

"प्रथिनं म्हंजी सुकडीत असत्यात ती?" मी विचारलं. तलावावर साहेब तसं सांगायचा.

"तीच जात, वहिनी. पण ती काय नुसती खायची नसतात. तुझे केस, नखं प्रथिनंच. दुधातबी असतात. शरीरात धरायचं, ओढायचं, वाकवायचं काम तीच करतात."

सासूबाईंनी हातातल्या वातीकडं बघितलं. देवापुढं लावायला त्या लांब सुताचे कितीतरी पदर घेऊन बोटभर वात करायच्या आणि शेवटी दुधाचं बोट लावून पीळ द्यायच्या, म्हणजे वात सुटत नाही.

"असंच की मग," त्या म्हणाल्या आणि वात पुढं केली.

"थोडं असंच," नणंद म्हणाली. "पण आई, तुझी वात एकदा वळली की झाली. याचं तसं नाही. याला जेवढं पाहिजे तेवढंच घडोघडी उलगडायचं, वाचायचं, परत आवरायचं. बाकीचा पसारा होऊ द्यायचा नाही. आणि हे करताना जगायचंबी थांबायचं नाही."

"म्हंजी बायकांचंच काम," सासूबाई म्हणाल्या.

चाची मोठ्यानं हसली. नणंदही हसली, दिवाळीनंतर पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, निभलं. पण सासूबाई हसल्या नव्हत्या. त्या काडीवरच्या धाग्याकडं बघत होत्या.

"किती हुते?"

"काय?"

"ह्या पेल्यात. जीव."

"कोट्यानुकोटी. मोजता येत नाहीत, आई."

"आन् आता?"

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? ती म्हणाली, "मेले. फुटल्याबिगर धागा निघत नाही."

"सगळे?"

"सगळे."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. दिवाळीपासून त्यांच्या मनात घाण होती. आता ती गेली आणि तिथं हत्या आली. मीच पोरीला दाखवायला सांगितलं होतं.

"आई, त्यांना दुखत नाही," नणंद सांगायला लागली. "त्यांना कळत नाही. तू चूळ भरलीस तरी लाखांनी मरतात."

"ते मला न कळता मरत्यात. तू कळून मारतीस."

तिनं आवरायला पेला उचलला. पुण्याला तिला असं कुणी विचारत नसणार.

"ते आसंच फेकू नको," सासूबाई म्हणाल्या. "खड्डा कर."

म्हणून एवढी शिकलेली पोर गोठ्यामागं खुरपं घेऊन बसली आणि तिनं खड्डा केला. दोन्ही पेले त्यात ओतले, लिंबाची काडी धाग्यासकट ठेवली, माती लोटली. सासूबाई जवळ उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या मी उपास धरते."

"कशाचा?" मी विचारलं.

"ह्येंचा. हिच्यापायी एवढे जीव गेले. हिला तिकडं मेसमधी उपास निभायचा न्हाई. मी धरते."

मला राग आला. अंगावर मांस उरलेलं नव्हतं, मिलोच्या कण्यांवर दिवस काढत होतो आणि ही बाई जंतूंसाठी उपाशी राहणार. मी तसं बोलले. त्या म्हणाल्या, "तुला कोन धर म्हनतंय?" चाची कुंपणावरून म्हणाली, "माज्या अंड्याचाबी धरा एक." सासूबाईंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण मला वाटतं तोंड जरा हललं.

दुसरा दिवस तसाच गेला. त्या पाण्यावर राहिल्या. नणंद घरात पाहुण्यासारखी वावरली, कशाला हात लावू आणि कशाला नको, हे तिला कळेना. तिनं थर्मास धुऊन पालथा घातला, आणि सगळं सामान पिशवीत भरून ठेवलं. मला म्हणाली, "सरांना कळवते, मी येत नाही म्हणून." मी म्हणाले, "उपास सुटू दे. मग कळव."

सकाळी मी चूल पेटवली, मिलोच्या कण्या शिजवल्या. सासूबाई तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकून पाटावर येऊन बसल्या. नणंद दारात उभी, आत येत नव्हती. मी ताट घेतलं तसं सासूबाईंनी हात आडवा केला.

"तू नको. तिला म्हनाव वाढ."

मी ताट खाली ठेवलं.

"जिच्यापायी धरला तिच्याच हातानं सोडायचा आस्तो," त्या म्हणाल्या, मला रागावल्यासारखं करून.

असा काही नियम मी जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी आयुष्यभर एकादशा केल्या आणि कुणाच्याही हातून सोडल्या. पण मी तोंड उघडलं नाही. दुपारी मला त्यांच्याशी भांडायचंच होतं दुसऱ्या कशावरून तरी, तेव्हा हे राखून ठेवलं.

नणंद आत आली. मोरीत जाऊन हात धुवायला लागली. साबण लावून कोपरापर्यंत, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्यात, पुण्याला शिकवतात तसं. सगळा तांब्या रिता झाला, मी दुसरा भरून दिला. पाणी किती लांबून यायचं ते मला माहीत, पण त्या दिवशी मी मोजलं नाही.

"बास कर," सासूबाई पाटावरून ओरडल्या. "कातडं निगंल."

तिनं आधी पाणी दिलं. सासूबाई सगळं प्यायल्या. मग कण्या वाढल्या, वर मीठ, थोडं ताक. ताक ताटाच्या काठावर सांडलं. सासूबाईंनी ते बोटानं निपटून तोंडात घातलं आणि खाली बघून जेवायला लागल्या. दोनदा मागून घेतलं. मी चुलीत फुंकर घालत बसले. धूर झाला होता म्हणून बरं झालं, आम्हा तिघींनाही डोळे पुसायला निमित्त मिळालं.

जेवण उरकताना त्यांनी विचारलं, "आता परत कवा मारायचे हायेत?"

"रोजच, आई. रोज करावं लागतं."

"रोज माज्यानं व्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सोमवार धरीन. तेवढ्यात बसव."

ती परत पुण्याला गेली. पुढं काही वर्षांनी तिनं मला सांगितलं की तिचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. धाग्याला वाकवणारी, धरणारी बारीक प्रथिनं सापडली, पण तिच्या नव्हे, दुसऱ्या देशातल्या लोकांच्या हाती. आणि ज्या मिठात ती बोचकं जपून ठेवायची, त्याच मिठानं ती प्रथिनं धाग्यावरून सुटून जायची, म्हणून तिला इतके दिवस दिसली नव्हती. हे सांगताना ती चिडली नाही. मी असते तर मीठ फेकून दिलं असतं.

सासूबाईंनी सोमवार शेवटपर्यंत केला. बायका विचारायच्या, "महादेवाचा का?" त्या म्हणायच्या, "लेकीच्या जंतूंचा." बायकांना वाटायचं, म्हातारीला कमी ऐकू येतं. आणि नणंद, तिचं लग्न झालं, पोरं झाली, तिकडं मोठी नोकरी लागली, तरी गावाकडं यायची ती शक्यतो सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं यायची. मंगळवारी सकाळी उपास सुटायचा, तेव्हा चुलीपुढं ती बसायची आणि मी खुशाल उशिरा उठायचे.